आखाजीच्या मुलखातली वजाबाकी

बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो, तिला आम्ही खानदेशातली माणसं आखाजी म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी सालदाराचं साल या दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. पितरांच्या नावाने घागर भरली जाते. घरोघरी पुरणपोळी आणि आमरस असतो. पण हा सण खरा लेकींचा. सासरी गेलेली आंडेर आखाजीला माहेरी येणार म्हणजे येणार. (आमच्या अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात आणि मुलाला आंडोर.) घरात गौराई बसते, झाडाला झोका बांधला जातो आणि झोक्यावरची गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात.

शिंदखेड्यात आमच्या गल्लीत एक जुना निंब आहे. त्याला झोका बांधायचा मान शेजारच्या वाड्याचा. माझ्या लहानपणी त्या घरात पाच बहिणी होत्या. त्यांच्या झोक्यावर आमच्या मुसलमान घरांतल्या पोरीही बसायच्या आणि तीच गाणी म्हणायच्या. काही वर्षांपूर्वी आखाजी आली आणि निंब मोकळाच राहिला. मी त्या घरच्या जिजींना विचारलं, “जिजी, यंदा झोका नाही का?” त्या म्हणाल्या, “कोनासाठे बांधू भाऊ? घरमा आंडेर शे कोठे?” तीन मुलगे, चार नातू. पाच बहिणींच्या घरात दोन पिढ्यांत एकही मुलगी उरली नव्हती.

एका घरात असं होऊ शकतं, तो योगायोग असतो. जिल्हाभर झालं तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती हे मोजतात. निसर्गाचा हिशेब हजारामागे साधारण साडेनऊशे मुली असा आहे. महाराष्ट्रात १९९१ साली हा आकडा ९४६ होता. २००१ साली ९१३ झाला आणि २०११ साली ८९४. आमच्या धुळे जिल्ह्यात २०११ साली तो ८९८ होता. आणि शेजारचा जळगाव जिल्हा, केळीचा, कापसाचा, सोन्याच्या पेढ्यांचा, बहिणाबाई चौधरींचा जिल्हा, तिथे ८४२. मात्र डोंगरातला, आदिवासी, गरीब म्हणून ज्याची कीव केली जाते त्या नंदुरबारमध्ये हाच आकडा ९४४ होता. म्हणजे मुली गरिबीने कमी झाल्या नाहीत. जिथे पाणी आलं, पैसा आला, डांबरी रस्ता आला, तिथे त्या कमी झाल्या.

हे कसं झालं? मुलाची हौस जुनी आहे, असं उत्तर आपण पटकन देऊन मोकळे होतो. हौस जुनीच आहे. पण जुन्या काळी त्या हौसेपायी मुलींमागून मुली होत, आणि पाच बहिणींनंतर एक भाऊ होई. हौस तीच राहिली आणि मुली मात्र कमी झाल्या, तर मधल्या काळात काहीतरी वेगळं घडलं असलं पाहिजे. मधल्या काळात आपण दोनपर्यंत मोजायला शिकलो.

मोजण्याची ही गोष्ट सुरू झाली ती मात्र फार चांगल्या हेतूने. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले, दंड झाले, लोक हसले. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनीही हेच काम हाती घेतलं आणि बायकांपर्यंत नेलं. या दोघांच्या विचाराच्या मध्यभागी बाई होती. तिचं शरीर, तिची प्रकृती, मूल हवं की नको हे ठरवण्याचा तिचा हक्क. देशाच्या लोकसंख्येचा आकडा त्यांच्या लेखी नंतर येत होता.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. इथे आकडा पुढे आला आणि बाई मागे गेली. लाल त्रिकोण आला, ‘हम दो, हमारे दो’ आलं. आमच्या गावच्या दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र मला अजून आठवतं. आई, बाप, एक मुलगा आणि एक मुलगी, चौघेही हसत उभे. दोन्ही मुलीच झाल्या तर या चित्रातल्या माणसांनी हसायचं की नाही, हे मात्र भिंतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग १९७६ साल आलं. मी सहा वर्षांचा होतो. आणीबाणी हा शब्द कळत नव्हता, पण ‘कॅम्प’ हा शब्द कळत होता. अब्बा रात्री घरी झोपत नसत, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर जात. आमच्या मोहल्ल्यात भीती होती तशीच ती भिलाटीत होती, दलित वस्तीत होती. ज्याच्या मागे कोणी उभं नाही, त्याच्याकडे आधी बोट दाखवलं जात होतं. शिक्षकांना, तलाठ्यांना माणसं आणण्याचे आकडे ठरवून दिलेले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसं उचलून नेऊन नसबंदी केल्याचं नोंदलेलं आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलं झालेल्यांना नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी साधारण तीनचतुर्थांश पुरुषांच्या होत्या.

१९७७ च्या निवडणुकीत पुरुषांनी या अपमानाचा हिशेब चुकता केला. त्यानंतर कोणत्याही सरकारने पुरुषाच्या अंगाला हात लावायचं धाडस केलं नाही. कार्यक्रम थांबला नाही, फक्त त्याचं ओझं बाईवर गेलं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळजवळ ३८ टक्के बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांची एक टक्कासुद्धा नाही, ०.३ टक्के. आणि बाईचं ऑपरेशन कधी करायचं याचा नियम कोणत्या सरकारी परिपत्रकात नव्हता, तो घरच्या ओट्यावर ठरत होता. मुलगा झाला की करायचं. दोन अपत्यांचा आकडा सरकारने दिला. त्यातलं एक मुलगाच हवं, ही अट घराने घातली. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर कोणाला तरी वजा करावं लागणार होतं.

ती वजाबाकी करून देणारं यंत्र १९८० च्या दशकात आलं. आधी गर्भजल परीक्षा, मग सोनोग्राफी. आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती शहरांतून उघड लागत. पाच लाख म्हणजे हुंडा. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशातला असा हा पहिला कायदा, त्याचा अभिमान बाळगावा असाच. त्यानंतर १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. मधल्या काळात कायदा कागदावरच आहे म्हणून डॉ. साबू जॉर्ज, तसंच ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या आपल्याच राज्यातल्या संस्थांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. कायदा जुना होत गेला तसतसे जनगणनेचे आकडे खाली गेले. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, तेव्हा पहिल्या कायद्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

कुराणात एक प्रसंग सांगितला आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. अरबस्तानातल्या वाळवंटी रूढीविरुद्धची ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. म्हैसाळची बातमी वाचली त्या दिवशी ती मला अरबस्तानातली वाटली नाही.

ज्या जन्माला आल्या त्यांचंही ऐका. सातारा जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेने शोध घेतला, तेव्हा ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशा नावांच्या २८५ मुली आढळल्या. मुलीनंतर मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढची खेप मुलाची होते, अशी समजूत. त्या ऑक्टोबरमध्ये समारंभ करून या मुलींना नवी नावं दिली गेली. मी शब्दांवर जगणारा माणूस आहे. हजेरीच्या वेळी वर्गात रोज ‘नकुसा’ म्हणून हाक यावी आणि त्या पोरीने रोज ‘हजर’ म्हणावं, याहून कठीण ओळ मला लिहिता आलेली नाही.

दोनच्या आकड्याला पुढे शिक्षाही जोडली गेली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्याकडे निवडणुकीचे फॉर्म भरायच्या दिवसांत तिसरं मूल अचानक काकाचं होतं, मामाचं होतं. ते मूल बहुधा मुलगीच का असते, हे गावात कोणी विचारत नाही. तिसरं मूल दत्तक दिलं म्हणून पद वाचत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ओडिशातल्या एका आदिवासी सरपंचाच्या खटल्यात दिला. म्हणजे दत्तक देणं हा हिशेब जुळवण्याचा मार्ग झाला होता, आणि न्यायालयाला तो बंद करावा लागला.

‘दत्तक’ हा शब्दच आपल्याकडे मुलासाठी होता. मराठी इतिहास दत्तकांनी भरलेला आहे. १८४८ साली दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य घेतलं आणि त्याच वाटेने पुढे झाशी घेतली. आमच्या खानदेशाच्या सीमेवर मालेगाव तालुक्यात कवळाणे गाव आहे. तिथला शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. या सगळ्या गोष्टींत दत्तक गेलेली मुलगी शोधून सापडत नाही. गादी, पिंडदान आणि वतन यांसाठी मुलगाच लागे, आणि काही थोड्या रूढी सोडल्या तर शास्त्रही मुलगाच सांगे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथल्याच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण वाट कायद्याने खुली झाली ती १९५६ साली, हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने. त्यातही घरात मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येत नाही.

मग पाळण्यात टाकलेल्या मुली कोण घेणार? उत्तर परदेशातून आलं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या अनाथाश्रमांतून मुली युरोपात आणि अमेरिकेत जाऊ लागल्या. या व्यवहारातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून १९८४ साली न्यायालयाने परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. त्यातून १९९० साली ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. २००३ साली भारताने हेग करार मान्य केला. मुलाला आधी आपल्या देशात घर शोधायचं, न मिळाल्यास बाहेर, हे त्याचं मूळ सूत्र.

या प्रवासाची एक गोष्ट आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली आणि ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’मध्ये पोचली. तिथे तिचं नाव ठेवलं लैला. हरेन आणि स्यू स्थळेकर या जोडप्याने तिला घेतलं. त्यांच्या घरी आधीची एक दत्तक मुलगी होतीच. अमेरिका, केनिया असा प्रवास करत हे कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थिरावलं. वडील मुंबईचे, म्हणून घरात क्रिकेट. लैलाची लिसा झाली, ऑस्ट्रेलियाच्या संघात आली, कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी हे दोन्ही गाठणारी ती जगातली पहिली महिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने महिला विश्वचषक जिंकला तो मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. लिसा त्या संघात होती, आणि त्यानंतर तिने निवृत्ती घेतली. जिथून तिला पाळण्यात घालून नेलं, तिथून तीन-चार तासांच्या अंतरावर तिने शेवटचा सामना खेळला.

ही गोष्ट सांगताना आपली छाती फुगते. का फुगते, ते मला कळत नाही. यात आपण काय केलं? आपण तिला सोडलं, एवढंच.

आणि परदेशी दत्तक म्हणजे प्रत्येक वेळी लिसाची गोष्ट असते असंही नाही. १९५० च्या युद्धानंतर दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं बाहेर गेली. त्यांतल्या अनेकांची कागदपत्रं खोटी बनवली होती, हे तिथल्याच सत्यशोधन आयोगाने २०२५ साली मान्य केलं. चीनमध्ये १९८० च्या सुमारास एक मूल हा कायदा आला. तिथेही मुलाची हौस होती, तिथेही मुली वजा झाल्या. १९९२ नंतर दीड लाखावर मुलं परदेशी गेली, त्यांत बहुसंख्य मुली. त्यातली निम्म्याहून अधिक मुलं एकट्या अमेरिकेत. २०१५ च्या अखेरीला चीनने एक मुलाचं धोरण सोडलं आणि २०२४ साली परदेशी दत्तकही बंद केलं. तिकडे वाढलेल्या मुली आता आपली आई शोधायला परत येतात. आपल्या पुण्यातल्याही एका संस्थेच्या व्यवहाराचा तपास २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला होता. आकड्यासाठी माणूस सोडला की त्या माणसाचा पुढे बाजार होऊ शकतो.

आता माझ्या घराकडे येतो. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. २००४ साली मी आणि माझी बायको एका संस्थेतून चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आलो. मुसलमानांना हिंदू दत्तक कायदा लागू नाही. आमच्या शरियतमध्ये अनाथाला सांभाळणं हे मोठं पुण्य, पैगंबर स्वतः अनाथ होते. पण सांभाळलेल्या मुलाला त्याच्या जन्मदात्याच्या नावाने ओळखावं, असं सांगितलं आहे. त्यामुळे आम्हाला मार्ग मिळाला तो १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचा. न्यायालयाच्या कागदावर मी झालो पालक आणि ती झाली पाल्य. हा शब्द मला बोचायचा. घरी ती आंडेर होती, कागदावर पाल्य.

फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माचा माणूस मूल दत्तक घेऊ शकतो. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं, ज्याचा धर्म नाही म्हणतो त्याच्यावर सक्ती नाही. बातमी मी दोनदा वाचली, कात्रण कापून ठेवलं. आणि अर्ज केला नाही. नातेवाईक काय म्हणतील, मशिदीत कोणी काही बोलेल का, या विचारात वर्षं गेली. कवितेत मी धीट असतो. कार्यालयाच्या दारात माझा धीर सुटला. सतरा वर्षं जिला वाढवलं, ती २०२१ साली अठरा वर्षांची झाली आणि त्या दिवशी कायद्याने माझं पालकत्व संपलं.

तिने तो कागद स्वतः वाचला. रडली नाही. एवढंच म्हणाली, “अब्बा, म्हणजे आजपासून मी तुमची कोणीच नाही?” मी म्हटलं, “कागद म्हणतो तसं.” ती म्हणाली, “मग कागद बदलायचा होता ना.” तिच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वारसाहक्काने तिला माझं काही मिळणार नाही, म्हणून आमचं राहतं घर मी हयातीतच तिला हिबा करून दिलं, म्हणजे बक्षीस दिलं. घर देता आलं. नातं कागदावर आणायची वेळ मी घालवली.

म्हणून मला जळगावचा आकडा ऐकून त्या जिल्ह्याकडे बोट दाखवता येत नाही. मुली ‘नको’ म्हणणाऱ्यांनी कमी केल्या, हे खरं आहे. पण ‘हवी’ म्हणणारे आम्ही लोकही वेळेवर पुढे आलो नाही. आज संस्थांतून दत्तक जाणाऱ्यांत दरवर्षी मुलग्यांपेक्षा मुली जास्त असतात. लोक सुधारले, असं त्यावरून म्हणण्याची घाई करू नये, कारण पाळण्यात टाकल्या जाणाऱ्याही मुलीच जास्त असतात. ज्यांच्या मनात असेल त्यांनी अर्ज करावा. कायदा आता आडवा येत नाही, आड येतो तो आपला संकोच.

आणि गावोगावचे लग्नाळू मुलगे आता दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या राज्यांत मुली शोधत फिरतात. त्यांचे बाप मला विचारतात, “मास्तर, कुठे स्थळ आहे का?” मी त्यांना निंबाच्या झाडाची गोष्ट सांगतो.

माझी लेक धुळ्याला शिकायला होती. गेल्या आखाजीला ती घरी आली. जिजी आता थकल्या आहेत, पण त्यांनी नातवांना दोर आणायला लावला आणि निंबाला झोका बांधून घेतला. वाड्यात बसायला कोणी नव्हतं. जिजींनी आमच्या दाराशी येऊन हाक मारली, “भाऊ, तुनी आंडेरले धाड.” तुझ्या मुलीला पाठव. त्यांनी माझ्याकडे कोणताही कागद मागितला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)